आठवड्याला एक पुडी

लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा सासूबाईंनी माझ्या आईला एकच गोष्ट खोदून खोदून विचारली. पोरीचा रंग जन्मापासून असा आहे, की उन्हानं झाला? आई घाबरली. म्हणाली, "उन्हानं झाला जी. कॉलेजात सायकलनं जात होती ना. सावलीत राहिली का उजळते." शब्द आईनं दिला आणि पाळावा मला लागला.

गोंदियाकडून मी भिलाईत आले ती खुर्सीपारच्या दोन खोल्यांत. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या दारातून हात लांबवून भाजीची वाटी देता यायची. स्वयंपाकघरात भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागे. सासरे आधीच गेले होते. नवरा पोलादाच्या प्लांटमध्ये, शिफ्ट ड्यूटीवर. काही महिन्यांनी मलाही हथखोजला नटबोल्टच्या एका कारखान्यात नोकरी लागली. स्टोअरमध्ये कम्प्युटरवर बसायचं. खोलीला खिडकी नव्हती, एक एक्झॉस्ट फॅन होता, तोही बहुतेक बंद.

स्कूटीनं जायचे. पहिल्या दिवशी सासूबाईंनी स्वतः माझ्या तोंडाला स्कार्फ गुंडाळून दिला आणि कोपराच्या वर जाणारे पांढरे हातमोजे हातात ठेवले. "डोये तेवढे दिसू दे," म्हणाल्या. मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं असं हे गाव, आणि त्या गावात मी पाच वर्षं बोटाच्या पेराएवढंही ऊन अंगाला लागू दिलं नाही. त्यात त्यांचा काही दुष्टपणा होता असं मी म्हणणार नाही. त्यांना गोरी सून दाखवायची होती आणि मला त्यांना खूश करायचं होतं. मी उजळले नाही ती नाहीच.

मुलगी झाली. ती सहा-सात महिन्यांची असताना, अंगावर पीत होती तेव्हा, पहिल्यांदा कंबर धरली. बाळंतपणानंतर धरतेच म्हणून मीही लक्ष दिलं नाही. मग मांड्या दुखायला लागल्या. मग बरगड्या. कूस बदलली की कुणीतरी आतून अंगठा रुतवतंय असं वाटायचं. दुखणं एका जागी थांबत नव्हतं, त्यामुळे ते कुणाला बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. कारखान्यातला जिना चढताना हातानं मांडी उचलून वरच्या पायरीवर ठेवावी लागे. चालणं बदकासारखं झालं. गल्लीतल्या पोरी माझ्या मागे तसंच चालून दाखवायच्या आणि हसायच्या.

पहिल्या डॉक्टरनं दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं कमरेचा एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. एक्स-रे नॉर्मल आहे हे घरात कळलं त्या दिवसापासून मी आजारी राहिले नाही, खोटारडी झाले. तिसऱ्यानं नवऱ्याकडे बघून सांगितलं, "टेंशन बहुत लेती हैं ये," आणि झोपेच्या गोळ्या लिहिल्या.

"कामाच्या वेळेले दुखते तिचं," सासूबाई शेजारणीला सांगायच्या, मी आत आहे हे माहीत असून. "मोबाईल पायताना कावून नाई दुखत?"

मोबाईल पाहताना खरंच कमी दुखायचं, कारण तेव्हा मी पडलेली असायचे.

नवऱ्यानं कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. लोक ऐकून म्हणतात, मग चांगलाच आहे की. चांगला होता. फक्त त्याचा माझ्यावर विश्वास नव्हता. मी कण्हले की तो टीव्हीचा आवाज थोडा वाढवायचा. एकदा मी त्याला म्हटलं, "मले खरंच उठता येत नाही हो." तर तो शांतपणे म्हणाला, "रिपोर्टमध्ये तं काहीच नाही ना. थोडं फिरत जा, ठीक होशील." आईला फोन केला तर तिनं दार लोटून घेतल्यासारखा आवाज बारीक केला. "तिथं असं सांगत नको राहू बाई. नावं ठेवतीन."

एका पौर्णिमेला विहारात वंदनेला गेलो होतो. सगळ्या बायका खाली सतरंजीवर बसल्या होत्या. वंदना झाली, सगळ्या उठल्या, आणि मी उठू शकले नाही. हात टेकले, गुडघे वळवले, एका बाजूला झुकून पाहिलं, पण मांड्यांत उठायला लागतो तो जोरच नव्हता. बायका थांबून पाहत राहिल्या. कुणीतरी काखेत हात घालणार तेवढ्यात सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "राहू द्या, उठते ते बरोबर. घरी पण असीच करते." काही जणी हसल्या. मी सरकत सरकत भिंतीपर्यंत गेले आणि भिंत धरून उभी राहिले. तेव्हा मी तीस वर्षांचीही नव्हते.

नोकरी सोडावी लागली. साहेबांनी दोनदा विचारलं, मॅडम, जिना चढायला इतका वेळ का लागतो. तिसऱ्यांदा विचारायच्या आधी मीच राजीनामा दिला. मुलगी तीन वर्षांची झाली होती. बालवाडीतल्या बाईंनी तिला विचारलं, घरी मम्मी काय करते. ती म्हणाली, "मम्मी तो बस लेटी रहती है." हे तिच्या आजीनं मला आल्या आल्या सांगितलं, हसत. पोरगी माझ्याकडे हात वर करून उभी होती आणि मला तिला उचलता येत नव्हतं.

मग एका सकाळी डावा पाय टेकवेना. जांघेत असं दुखलं की मी न्हाणीच्या दारातच बसले आणि ओरडले. त्या ओरडण्यानं नवरा पहिल्यांदा घाबरला असावा. त्यानं रिक्षा आणली. दवाखान्यात नेहमीचे डॉक्टर सुटीवर होते, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरबाई बसल्या होत्या. त्यांनी माझा जुना एक्स-रे पाहिलाच नाही. मला चालायला सांगितलं. चार पावलं पाहिली. मग टेबलावर झोपवून नडगीच्या हाडावर अंगठ्यानं दाबलं. मी किंचाळले.

"धूप में जाती हैं कभी?" त्यांनी विचारलं.

नवरा म्हणाला, "मुँह बाँध के जाती थी. रंग का…"

रक्त तपासायला दिलं. खुब्याचा एक्स-रे काढला. त्यात हाडावर केसासारखी एक आडवी रेघ होती. न पडता, न आपटता मोडत चाललेलं हाड. व्हिटॅमिन डी इतकं कमी होतं की मशीननं आकडाही दिला नव्हता, 'यापेक्षा कमी' एवढंच छापलं होतं. डॉक्टरबाईंनी कागदावर हाड काढून समजावलं. जेवणातलं कॅल्शियम हाडात जायला हे व्हिटॅमिन लागतं, ते ऊन अंगाला लागलं की अंगातच तयार होतं. माझ्या अंगात ते नव्हतंच, आणि होतं नव्हतं तेवढं पोटातल्या आणि पदराखालच्या पोरीनं नेलं होतं. हाडं मऊ झाली होती. मग नवऱ्याकडे बघून त्या सावकाश म्हणाल्या, "ये दर्द बना नहीं रही हैं. इतने में तो आदमी चल भी नहीं पाता."

मी टेबलावरच रडले. बाहेर आल्यावर नवऱ्यानं मला पाण्याची बाटली दिली. माफी मागितली नाही. आजपर्यंत नाही.

औषध काय, तर एक पुडी. आठवड्याला एक, दुधातून. सोबत कॅल्शियमच्या गोळ्या, आणि सकाळी हात-पाय उघडे टाकून थोडा वेळ उन्हात बसणं. काही आठवडे काठी. डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं होतं, हे टॉनिक नाही, अंगात साठून राहतं, मी सांगेन तेवढंच घ्यायचं, मी सांगेन तेव्हा बंद करायचं. महिनाभरात मांड्यांत जोर आला. सहा महिन्यांत मी कोहक्याला नणंदेच्या घरी दोन जिने चढून गेले आणि वर जाऊन धाप लागली म्हणून आनंदानं हसले, कारण लागली ती नुसती धाप होती.

मला वाटलं होतं, आता घरात कुणीतरी काही बोलेल. सासूबाई बोलल्या. "एवढंच होतं? एक पुडी?" मग नातेवाइकांत सांगत सुटल्या, "काही नोहतं हो. व्हिटामिन कमी होतं. आजकाल सगळ्यायलेच असते." औषध स्वस्त निघालं म्हणून माझा आजारही स्वस्त झाला. ती साडेतीन वर्षं कुणाच्या हिशेबातच धरली गेली नाहीत.

मी बरी झाले हे मात्र त्यांनी नीट पाहिलं होतं. त्यांचे गुडघे फार वर्षांपासून दुखायचे. एक दिवस त्यांच्या उशाशी मला तशीच फाडलेली पुडी दिसली. मेडिकलवाल्याला माझं रिकामं पाकीट दाखवून त्यांनी डबाच आणला होता. त्यानं चिठ्ठी विचारली नव्हती.

"आई, रोज घेऊन राहिल्या का तुम्ही?" मी विचारलं. "आठवड्याले एकच घ्यायची असते ते. अन् डॉक्टरले विचारून."

"तू मले शिकवू नको," त्या म्हणाल्या. "तू खाऊन धावाले लागली, अन् मीच मोजून खाऊ? व्हिटामिननं का कोणी मरते का?"

मी पुढे काही बोलले नाही. हे खरं खरं लिहायचं तर असं आहे की मी बोलू शकत होते. नवऱ्याला सांगू शकत होते, डबा उचलून ठेवू शकत होते. मी नाही केलं. मनात म्हटलं, मी सांगितलं होतं. कचऱ्याच्या डब्यात पुड्या दिसत राहिल्या आणि मी झाकण लावत राहिले.

अडीच-तीन महिन्यांनी त्यांचं जेवण तुटलं. ओकाऱ्या, पोट साफ नाही, सारखी तहान, सारखं लघवीला जाणं. दुपारी बसल्या बसल्या डोळा लागायचा. त्या म्हणायच्या, "मले कसंतरी होऊन राहिलं." आणि मी, ज्या बाईनं साडेतीन वर्षं हेच सांगितलं होतं, ती मी ओट्याशी उभी राहून म्हणाले, "उन्हाळा आहे. जरा फिरत जा, बरं वाटेल." मुद्दाम म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते वाक्य ओळखू आलं की नाही, मला सांगता येणार नाही.

आठवड्यानंतर त्या स्वतःच्या मुलाला माझ्या सासऱ्यांच्या नावानं हाक मारायला लागल्या आणि नातीला ओळखेनात. तेव्हा मी घाबरले. मीच गाडी बोलावली, मीच डॉक्टरांच्या हातात पुडी दिली आणि सांगितलं, रोज घेत होत्या. रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलं होतं. मूत्रपिंडांवर ताण आला होता. सलाइन लावून त्यांना भरती करून घेतलं. दहा-बारा दिवसांत शुद्धीत आल्या, बोलणं जाग्यावर आलं. मूत्रपिंडं मात्र पूर्ववत झाली नाहीत. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

दवाखान्याच्या आवारात नवऱ्यानं मला विचारलं, "तुले माहीत होतं का, आई रोज घेऊन राहिली ते?"

"नाही," मी म्हटलं. "आत्ताच पुड्या सापडल्या."

त्यानं मान डोलावली आणि चहा आणायला गेला. पुन्हा विचारलं नाही. मी साडेतीन वर्षं खरं सांगत होते, ते पटायला त्याला एक्स-रे लागला. हे खोटं त्यानं उभ्या उभ्या मान्य केलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याच्या पाठीकडे पाहताना मला त्याचा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता.

सासूबाईंना माहीत आहे. मी एकदा सांगितलं होतं आणि नंतर सांगायचं थांबवलं, हे दोन्ही त्यांना माहीत आहे. शेजारणीला त्या म्हणतात, "मले कोणी सांगितलंच नाही." मी आत असते, ऐकते आणि खोडून काढत नाही. खोडलं तर पुढचंही बोलावं लागेल.

आता त्यांचं मीठ मोजून, दर काही महिन्यांनी रक्त तपासणं. मीच नेते. रिपोर्ट आला की त्या चष्मा न घालता कागद माझ्यापुढे धरतात आणि मी वाचून दाखवते, यावेळी मूत्रपिंडाचा आकडा तेवढाच आहे, वाढला नाही. त्या 'हं' म्हणतात, कागदाची घडी करून उशाखाली ठेवतात, आणि मुलगा ड्यूटीवरून आला की त्याच्याकडून तो परत वाचून घेतात.