शेवंतीमावशी कॅमेरा घेतात

निरोपाला काय भेट हवी, असं चित्राबाईंनी विचारलं तेव्हा शेवंतीमावशी व्हरांड्यात बसून चटईची सुटलेली कड शिवत होत्या. कळव्याच्या त्या महापालिकेच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं शिपायाचं काम केलं होतं आणि आता निवृत्तीला महिना उरला होता. शिक्षकांच्या खोलीत पैठणी की मिक्सर यावरून दोन तट पडले होते. चौथीच्या चित्राबाई त्याला कंटाळल्या आणि ज्यांची भेट त्यांनाच विचारू म्हणून थेट बाहेर आल्या.

मावशींनी सुई चटईत खोचली.

"मना कॅमेरा द्या," त्या म्हणाल्या. "कमी पडतील ते माझे घालीन."

चित्राबाईंना वाटलं, नातवंडांसाठी असेल. पण गोष्ट वेगळीच होती. आदल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या फॉर्मला फोटो हवा होता, तेव्हा शिवानी नावाची, तेव्हा तिसरीतली मुलगी दोन दिवस रिकाम्या हातानं आली. तिच्या आईचा फोन नळावर पाण्याच्या पिंपात पडला होता आणि शिवानीचे जन्मापासूनचे सगळे फोटो त्याच फोनात होते. मग मावशींनी सहज तिच्या वर्गात चौकशी केली. बत्तीस मुलांपैकी कागदावरचा फोटो घरात असलेली मुलं निघाली पाच. बाकीच्यांचं लहानपण आईबापांच्या फोनात, आणि फोन बिघडला की तेही गेलं. ही गोष्ट मावशींच्या मनाला लागून राहिली होती. सासरे मिठागरात राबलेले, घरची परिस्थिती यथातथाच, तरी त्यांच्या खारेगावच्या घरात सासू-सासऱ्यांचा स्टुडिओत काढलेला फोटो होता. या पोरांकडे तेवढंही नव्हतं.

वर्गणी आणि मावशींची भर मिळून तीस हजारांचा बेत ठरला. मावशींचा मुलगा मितेश म्हणाला की एवढ्यात झकास मोबाइल येतो, कॅमेरे आता कोण घेतं. मावशींनी त्याला त्याच्याच मुलीचा बारशाचा फोटो दाखवायला सांगितलं. मितेश फोनात अर्धा तास शोधत बसला आणि शेवटी म्हणाला, जुन्या फोनात राहिला वाटतं. तो विषय तिथेच संपला.

चित्राबाई डोंबिवलीच्या. त्यांच्या ओळखीत धनेश म्हणून एक गृहस्थ होते, वय पंचेचाळीसच्या आसपास. त्यांचं जुने कॅमेरे दुरुस्त करून विकण्याचं छोटंसं दुकान होतं. मावशी त्यांच्याकडे गेल्या तेव्हा धनेश यांनी आधी विचारलं, कशाचे फोटो काढायचेत. लोक बहुधा किमतीपासून सुरुवात करतात, यांनी कामापासून केली, म्हणून मावशींना माणूस बरा वाटला. त्यांनी सांगितलं: वर्गातली पोरं, एक खिडकी, एक ट्यूबलाइट, आणि एकही पोर जागेवर बसत नाही.

धनेश म्हणाले की दुकानात बसून हे ठरणार नाही. सोमवारी दुकान बंद असतं, माजिवड्याला एका गिऱ्हाइकाकडे जायचंच आहे, तर वाटेत शाळेत येतो आणि तीन प्रकारचे कॅमेरे घेऊन येतो.

खरोखरच आले. चौथीच्या टेबलावर त्यांनी तीन कॅमेरे मांडले आणि बत्तीस पोरं बाकांवर उभी राहिली.

पहिला छोटा, मुठीत मावणारा कॉम्पॅक्ट. मावशींना तो पाहताक्षणी आवडला, कारण पर्समध्ये राहिला असता. पण त्याला डोळा लावून बघायची सोयच नव्हती, मागच्या पडद्यावर बघायचं. चाळिशीमुळे मावशींनी तो हात लांब करून धरला आणि हात थरथरला. शिवाय बटण दाबल्यावर तो किंचित थांबायचा. तेवढ्यात पोर फ्रेममधून निघून जायचं. तीन फोटो काढले, तिन्हींत रिकामा बाक आला.

दुसरा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला. हातात हलका, आणि डोळा लावायच्या खिडकीत छोटा पडदा, त्यामुळे फोटो जसा येणार तसा आधीच दिसायचा. मुलगी खिडकीकडे पाठ करून उभी राहिली की तिचा चेहरा काळा पडलेला आतच कळायचा. फोटोही बेस आले. धनेश यांनी सरळ सांगितलं की त्यांचं मत यालाच आहे. मोठ्या कंपन्यांचं नवं काम आता यातच चालतं. अडचण एकच, हा वापरलेला घेतला तरी तीस हजार इथेच संपणार होते. जास्तीची बॅटरीसुद्धा घेता आली नसती.

तिसरा डीएसएलआर, काळा, जाडजूड, दोन हातांनी धरायचा. त्याच्या आत आरसा होता आणि बटण दाबलं की तो खाट्कन उडायचा. तो आवाज ऐकून सगळी पोरं झेंडावंदनासारखी ताठ झाली. डोळ्याच्या खिडकीशेजारी एक बारीक चाक होतं, ते फिरवल्यावर मावशींना चष्मा न लावता स्वच्छ दिसलं. ही गोष्ट मात्र त्यांना फार आवडली. पण फोटो अंधुक आले, आणि हललेलं पोर पुसल्यासारखं दिसत होतं.

"उजेड कमी पडतोय," धनेश म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून एक बुटकं भिंग काढलं आणि त्याच कॅमेऱ्याला लावलं. या भिंगाला झूम नव्हता, जवळ-लांब करायचं तर आपणच पुढे-मागे व्हायचं, पण ते उजेड भरपूर आत घ्यायचं. मावशींनी डोळा लावला. समोर शिवानी कुणाच्या तरी बोलण्यावर हसत होती, पडलेल्या सुळ्याच्या जागी खिंडार. खाट्.

फोटो बघून चित्राबाई टेबलावर वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. शिवानीच्या पापण्यांचे केस मोजता येत होते.

मावशींनी विचारलं, असंच भिंग त्या हलक्याला लावता येईल का. धनेश म्हणाले, लावता येतं, पण त्याचं वेगळं मिळतं आणि ते या बेतात बसत नाही. डीएसएलआर वापरलेला असल्यामुळे एकोणीस हजार, हे भिंग सहा, आणि उरलेल्यात एक बॅटरी, पिशवी. तरी त्यांनी पुन्हा बजावलं की हा प्रकार आता जुना झालाय, कंपन्या नवे फारसे काढत नाहीत, शिवाय वजन मानेला जाणवेल.

"दोन हातांत दोन बादल्या घेऊन रोज तिसऱ्या मजल्यावर चढलेय मी," मावशी म्हणाल्या. "आणि जुना म्हणाल तर मीपण पुढच्या महिन्यात रिटायर होतेय. फोटो काढतो ना अजून?"

"पुढची पाच-सात वर्षं तरी काढेल. मी उघडून बघितलाय."

"मग हाच."

राहिला प्रश्न आवाजाला दचकणाऱ्या पोरांचा. त्यावर मावशींनी धनेश यांचा जीव टांगणीला लावणारा उपाय केला. कॅमेऱ्याचा पट्टा एकेका पोराच्या गळ्यात घातला, खालून आपला हात धरला आणि प्रत्येकाला एकदा खाट् करू दिलं. बत्तिसावं पोर होईपर्यंत आवाजाची भीती कुणालाच उरली नव्हती, आणि धनेश खिडकीपाशी उभे राहून घाम पुसत होते.

निरोप समारंभात शालीबरोबर कॅमेऱ्याची पिशवी गळ्यात पडली. पहिला महिना मात्र गमतीचाच गेला. नवरा गुणाजी रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचा, रेशनकार्डाला काढतात तसलं तोंड करून. कधी त्याचं कपाळ कापलं जायचं, कधी मागचा पेरू स्वच्छ आणि गुणाजी धूसर. एकदा फ्रेममध्ये मावावा म्हणून मावशी मागे सरकत गेल्या आणि शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या सुकटीवर उभ्या राहिल्या. हलक्या कॅमेऱ्याच्या खिडकीत काळा पडलेला चेहरा आधीच दिसायचा, इथे तो फोटो काढल्यावरच कळायचा. म्हणून त्यांनी स्वतःसाठी एकच नियम केला: बटणाला हात लावण्याआधी उजेड कुठून येतोय ते बघायचं आणि माणसाला तिकडे वळवायचं. तेवढ्यानं अर्ध्याहून जास्त फोटो सुधारले.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्या शाळेत गेल्या आणि अख्ख्या चौथीचे फोटो काढले. स्टेशनजवळच्या दुकानात छापून, मागे नाव आणि तारीख लिहून ज्याचा त्याला दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींच्या घराच्या फाटकाशी शिवानीची आई उभी. ती माजिवड्याच्या एका टॉवरमध्ये साफसफाईचं काम करायची, कामावर जाता जाता थांबली होती. फोटो तिनं वहीच्या पुठ्ठ्यात घालून आणला होता. तो उघडून तिनं मावशींसमोर धरला.

"मावशी, आमचा चौघांचा एक काढाल?" ती म्हणाली. "रविवारी हे घरी असतात."

रविवारी मावशी पारसिकच्या उतारावरच्या त्यांच्या चाळीत गेल्या. शिवानीच्या वडिलांनी नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेषा तशाच. खोली एवढीशी, झूम नाही, म्हणून मावशींनी चौघांना दारात उभं केलं आणि स्वतः गल्लीपलीकडच्या घराच्या पायरीवर गेल्या. ते घर ज्यांचं, त्यांनी झाल्यावर हळूच विचारलं, आमचा काढाल का. मग त्यांच्या शेजारच्यांनी. पोरांची तोंडं धुतली जाऊ लागली, कुणी साडी बदलायला आत पळालं. एका म्हातारबुवांनी दाढी करून येतो म्हणून सांगितलं आणि त्यांच्यासाठी सगळी गल्ली थांबली. दुपारपर्यंत चौदा घरं झाली. एका घरातलं तान्हं बाळ झोपलं होतं. आई त्याला उठवायला निघाली तेव्हा मावशींनी अडवलं. झोपलेलंच असू दे, त्याला मोठेपणी हेही बघायला मिळेल.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा मान अवघडली होती आणि चहा किती झाले त्याची गणती नव्हती. गुणाजीनं तेल गरम करून दिलं. मितेश कॅमेरा हातात घेऊन एकेक फोटो पुढे सरकवत बसला. दाढी केलेल्या म्हातारबुवांपाशी थांबला आणि म्हणाला की पुढच्या रविवारी तोही येतो, नावं-पत्ते लिहून घ्यायला कुणीतरी हवंच. मावशींनी मान चोळत त्याला सांगितलं, येताना वही आण आणि अक्षर नीट काढ.