मानाचा खेकडा

लिरोकबाई सात वर्षांच्या असताना त्यांच्या बेटावर आभाळातून पांढरी राख पडली. दूर कुठेतरी बॉम्बची चाचणी झाली होती. पोरं राखेत खेळली. धाकट्या बहिणीने, नेइमाने तर ती चाखूनही पाहिली. चाचणी करणाऱ्या सरकारचा तरुण अधिकारी हॅलोरनसाहेब मागाहून आला आणि आईला म्हणाला, "धूळ आहे, धुऊन टाका." नेइमा रक्ताच्या कॅन्सरने गेली. लिरोकबाईंनी डूख धरला, आणि डूख धरूनच त्या मास्तरीण झाल्या.

राखेमुळे उठलेलं गाव आता दुसऱ्या बेटावर राहत होतं. तिथल्या शाळेत त्या शिकवत, "अस्थिर अणू मोडतो, तेव्हा किरण सोडतो. ते ना दिसतात, ना त्यांना वास येतो. स्ट्रॉन्शियम म्हणजे कॅल्शियमचा तोतया, शरीर त्याला हाडात जागा देतं. निम्मं व्हायला त्याला जवळजवळ तीस वर्षं लागतात. आणि नारळखेकडा काय करतो?"

"टाकलेलं कवच परत खातो!" पोरं ओरडत.

"म्हणून कवचातलं विष त्याच्यातच राहतं."

एक दिवस पिकल्या केसांचे हॅलोरनसाहेब सभेला आले. "जुनं बेट स्वच्छ आहे. मुलाबाळांना घेऊन खुशाल परत चला." म्हातारे विरघळले. घराची ओढ कुणाला नसते! सरपंच जितामही होकार द्यायच्या बेतात होते. शाळेतली सगळी पोरं त्या मातीत जाणार होती.

जेवणं मांडली. पाहुण्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावत नाही. बाईंनी साहेबांपुढे भला मोठा नारळखेकडा ठेवला.

"तुमच्या मानाचा, साहेब. जुन्या बेटावरनं मुद्दाम आणवलाय."

साहेबांचा हात थबकला. "माझं पोट जरा बरं नाही, बाई."

"असं कसं? पोरं खोळंबलीत. आणि घाबरताय कशाला, चांगला धुऊन घेतलाय!"

"धुऊन काय होतंय? ते हाडात..." साहेब बोलून गेले.

"साहेबांनापण धडा येतो, बाई!" एक पोरगी चिवचिवली.

कुणी हसलं नाही. जितामांनी पान बाजूला सारलं. "आम्ही येत नाही. तुम्ही निघा."

साहेब उपाशीच होडीत बसले. होडी किनाऱ्याजवळ होती तोवरच बाईंनी त्यांना दिसेल अशी नांगी फोडली.

"बाई, नको!" पोरगी किंचाळली.

"खा गं. शाळेमागच्या नारळाखाली धरलाय." बाईंनी पहिला घास नेइमाच्या नावाने बाजूला ठेवला आणि दुसरा साहेबांकडे बघत, सावकाश चावून खाल्ला. इतका गोड खेकडा त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता.