बहराम पैलवानांचा फेटा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, गावाकडच्या बहिणीला फोनवरसुद्धा नाही. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर मोठं येतं — कधी वाचशील ती तू, तेवढं सांभाळून घे.

अमेरिकेत, मॉरिसव्हिलला मुलाकडे येऊन मला नऊ वर्षं झाली. ही गोष्ट दुसऱ्या वर्षातली. घरामागे तळं आहे, त्याच्या कडेनं फिरायची वाट आहे. तिथल्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसायचे. मी आधी त्यांचे कान पाहिले. सुजून घट्ट झालेले, चुरगळलेले. असे कान मी लहानपणापासून पाहिलेले — माझे वडील, आबा, कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात तालमीचे वस्ताद होते. मी कधी परक्या माणसाशी बोलत नाही. पण तोंडातून निघून गेलं, "पैलवान?" आणि ते चक्क उठून उभे राहिले! त्यांच्याही भाषेत तोच शब्द आहे, हे मला काय ठाऊक?

बहराम त्यांचं नाव. इराणचे. फ्रीस्टाइल कुस्तीतले चॅम्पियन. आता माझ्यासारखेच, लेकीच्या घरी राहायला आलेले. तरुणपणी एक हंगाम ते आपल्याकडच्या जत्रांतून मातीवर लढले होते, म्हणून मोडकीतोडकी हिंदी यायची. माझी हिंदीही तसलीच. रोज चार वाजता ते अल्बम घेऊन यायचे. भाताच्या खाचरात उभा काटकुळा बहराम. गादीवरची पहिली मोठी कुस्ती. गळ्यात पदक. मग दुसरं. मग खांदा निखळला, आणि त्या वर्षाचा एकही फोटो नाही. मग तिसरं पदक, त्यात ते रडताहेत. "हारा नहीं," ते घाईनं सांगायचे, "बेटी हुई थी!"

मी काय सांगणार? तालमीत मुलींना पाऊल टाकायला बंदी होती. मी दारापर्यंत थंडाईचा तांब्या न्यायची आणि तिथंच रेंगाळायची — आतून शड्डू ऐकू यायचे, आबांच्या शिव्या ऐकू यायच्या, तांबड्या मातीत मुरलेल्या ताकाचा आणि हळदीचा वास यायचा. किती दिवसांनी मी ते कुणाला सांगत होते! आणि हेही सांगितलं, की आबांचा उजवा हात वर जात नसे, म्हणून त्यांचा फेटा मीच बांधायची. पैलवानांनी मांडीवर असा हात मारला की बाक हलला. "बहेन? फेटा?"

दुसऱ्या दिवशी ते पिशवीतून एक गुलाबी फेटा घेऊन आले. आपल्याकडच्या एका जत्रेत कुस्ती मारली तेव्हा गावकऱ्यांनी बांधलेला. "मेडल साहब देता है," ते म्हणाले. "ये लोगों ने दिया." बांधता येत नव्हता, म्हणून तेव्हापासून घडीतच होता. इथली काही इराणी मंडळी त्यांचा सत्कार करणार होती, शनिवारी अकराला. पदकं घरी ठेवणार होते ते. फेटा बांधून जायचं होतं. बहेन बांधेल का?

मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं.

आता पुढचं — थांब, पाणी पिऊन येते.

शुक्रवारी एकीच्या घरी हळदीकुंकू होतं. पंधरावीस जणी. एक चांगली हसरी मुलगी, पुण्याची, कुंकू लावता लावता म्हणाली, "काकू, तळ्यावर तुमचे खानसाहेब दिसले हो! या वयात काय बॉडी आहे यार! आम्हाला कधी इंट्रोड्यूस करताय?" सगळ्या हसल्या. माझी सूनही हसली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, मला तेव्हाही कळत होतं. पण माझे कान तापले. मी म्हणाले, "कोण? मी नाही बाई ओळखत. कुणीतरी बसतो तिथं म्हातारा."

कुणीतरी म्हातारा! ज्यांच्या खांद्याची, लेकीची, तिन्ही पदकांची गोष्ट मला पाठ होती, ते?

शनिवारी दहाला बेल वाजली. मुलानं दार उघडलं. "आई, कोणीतरी आलेत, तुला विचारताहेत. हातात फेटा आहे. काय प्रकार आहे हा?" मी ओट्यापाशी उभी होते. मुलाच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. तेवढंही मला सोसलं नाही. मी म्हणाले, "सांग त्यांना, आईला ताप आहे."

मग खिडकीच्या पट्ट्यांतून पाहिलं. ते गाडीपाशी उभे होते, काळ्या कोटात, दाढी कोरलेली. लेक फेटा गुंडाळायचा प्रयत्न करत होती. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. फेटा दोनदा सुटला. मग त्यांनी तो तिच्या हातातून हळूच काढून घेतला, गाडीच्या बॉनेटवर नीट घडी घातली, आणि पिशवीत ठेवला. मी दार उघडून दहा पावलं गेले असते तर? दहा पावलंच होती. मी गेले नाही.

सोमवारी ते परत आले. या वेळी दार मीच उघडलं. त्यांनी डब्यात डाळिंबाचे दाणे आणले होते, स्वतः सोललेले, बोटं लाल झाली होती. कपाळाला हात लावून खुणेनं विचारलं — ताप? मी मान हलवली, उतरला. ते एवढे खूश झाले! फोनवर सत्काराचा फोटो दाखवला. सगळ्यांच्या मध्ये ते, उघड्या डोक्यानं. "कोई बात नहीं," म्हणाले, "बहेन ठीक, सब ठीक."

थंडी पडायच्या आत ते लेकीबरोबर दुसऱ्या राज्यात गेले. तोवर मी रोज चार वाजता त्यांच्या शेजारी बसले, अल्बम पाहिले, हसले. खरं सांगायला तेवढे दिवस पुरेसे होते.

डाळिंब मी सगळं खाल्लं. मला ताप नव्हता.