सेलेस्टीनचा उजाड कडा

पाइन फ्लॅटच्या आदिवासी वस्तीत सेलेस्टीनइतकी खरं बोलणारी बाई शोधून सापडली नसती. शिळा मासा ताजा म्हणून वाढला तर ती तोंडावर सांगायची, पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं तर तेही सांगायची, आणि मावसबहीण अडेलचा पाव कसा दगड झाला आहे हे तर कुणी न विचारताच सांगायची. खोटं ती वर्षातून एकदाच बोलत असे, ऑगस्टमध्ये, डोंगरात हकलबेरी पिकल्यावर. ते मात्र बेधडक.

हकलबेरी म्हणजे करवंदाची धाकटी बहीण. ती लावून येत नाही आणि विकत आणली तर लोक हसतात. प्रत्येक घराची डोंगरात आपली जागा असते आणि ती कुणी कुणाला सांगत नाही. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडून बघण्यासारखं. तरी एखाद्या आगाऊने विचारलंच, तर ओठांचा चंबू करायचा आणि कुठेतरी भलतीकडे वळवायचा. बोट दाखवायची पद्धत वस्तीत नाहीच, दिशा दाखवायची ती ओठांनी.

सेलेस्टीनचा चंबू कायम उजाड कड्याकडे वळायचा. त्या कड्यावर दगड आणि साप, खाली दलदल आणि डास, आणि बेरी औषधालासुद्धा नाही. तिची खरी जागा पार दुसऱ्या अंगाला, खोगीर खिंडीत होती. आईने मरताना तिच्या कानात सांगितलं होतं, "कुणाला सांगू नकोस. अडेलला तर मुळीच नको." सेलेस्टीनने ते इतकं मनावर घेतलं की बेरी आणायला निघताना ती गाडी आधी मुद्दाम कड्याच्या रस्त्याने घालायची, पेट्रोल पंपापाशी हॉर्न वाजवून सगळ्यांना दिसायची आणि मग मागच्या जंगलातल्या रस्त्याने वळसा घालून खिंड गाठायची.

दोन वर्षांपासून गुडघ्यांनी संप पुकारला होता. गाडी चालवणं बंद, खिंड बंद. पण ऑगस्ट आला की तिच्या ओसरीवर कुणीतरी बेरीने भरलेली बादली ठेवून जायचं. चर्चच्या बायकांचा धर्मादाय असेल असं तिने ठरवून टाकलं. मुरंबा करून खाल्ला आणि वर गावभर सांगितलं, "दलदलीतल्या दिसतात. पाणचट. माझ्या जागेवरच्या बेरीची सर येणार आहे का!"

त्याच सुमारास डोंगरातून विजेची मोठी लाइन न्यायचं ठरलं. आता असल्या कामाआधी वस्तीला विचारावं लागतं आणि जमिनीत पूर्वजांचं काही आहे का ते तपासावं लागतं. म्हणून वीज कंपनीने सभागृहात सभा घेतली. सँडविच होती, कॉफी होती, भिंतीभर नकाशा होता. नकाशापाशी टॅमसिन नावाची पुरातत्त्वाची बाई उभी होती. बिचारी सरळ मनाची. म्हणाली, "आजी-आजोबा, तुमच्या फळांच्या, औषधाच्या जागा दाखवा. तिथून लाइन जाऊ देणार नाही."

हकलबेरीच्या जागा? सगळ्यांसमोर? भरदिवसा? मग एकेक म्हातारा उठला. एकाने चंबू करून खडी दरड दाखवली, दुसऱ्याने जुना कचराडेपो. सेलेस्टीनची पाळी आली. समोरच्या खुर्चीत अडेल मान पुढे काढून बसली होती. सेलेस्टीनला खरं सांगायचंच होतं हो, पण अडेलची ती मान बघितली आणि ओठ आपसूक वळले उजाड कड्याकडे. इतक्या वर्षांची सवय, ओठांचा तरी काय दोष?

टॅमसिनने भक्तिभावाने कड्यावर हिरवी टिकली लावली.

पुढच्या सभेत नवा नकाशा आला. कंपनीने मोठ्या मनाने लाइन बदलली होती. दरड वाचली, कचराडेपो वाचला, उजाड कडा वाचला. कड्याला वळसा घालून लाल रेघ सरळ खोगीर खिंडीत शिरली होती आणि सेलेस्टीनच्या झुडपांवर बरोब्बर एक मनोरा उभा होता. तिच्या तोंडात तळलेल्या पावाचा घास होता, तो तिथेच राहिला.

"आठवड्याभरात रेघ पक्की होईल," टॅमसिन आनंदाने म्हणाली. "त्यानंतर बदल नाही."

रात्रभर सेलेस्टीन तळमळली. न सांगावं तर झुडपं जातात, सांगावं तर गुपित जातं. आई डोळ्यांसमोर येऊन फक्त बघत राहिली. सकाळी तिने टॅमसिनला फोन लावला.

"मला एक जागा दाखवायची आहे. पण तू एकटीच ये."

"एकटीला येता येत नाही, आजी. पाहणीच्या वेळी वस्तीचं माणूस बरोबर लागतं."

वस्तीतर्फे हे काम करायची नोरीन. आणि नोरीन कोण, तर अडेलची सख्खी मुलगी! सेलेस्टीनने कपाळावर हात मारला. मग कपाटातून आपला फुलाफुलांचा डोक्याचा रुमाल काढला.

"मावशी, हे काय?" नोरीनने विचारलं.

"डोळ्यांना बांधायचं. खिंड... म्हणजे जिथे जायचं तिथे पोचेपर्यंत सोडायचं नाही."

"आणि टॅमसिन?"

"ती उद्या व्हँकुव्हरला परत जाईल. तिथे बेरी प्लास्टिकच्या डब्यात उगवतात. तिची भीती नाही."

निघाली वरात. टॅमसिन गाडी चालवतेय, शेजारी सेलेस्टीन, मागे नोरीन आंधळी कोशिंबीर खेळायला बसल्यासारखी. सेलेस्टीनने आधी पेट्रोल पंपाला दोन चकरा मारायला लावल्या, मग कड्याचा रस्ता, मग उलट. वळण आलं की ती ओठांचा चंबू करायची, आणि टॅमसिनची नजर रस्त्यावर, तिला चंबू दिसणार कसा? तीनदा वळण चुकलं. एकदा तर गाडी कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन थांबली.

"बाई गं, माझ्या तोंडाकडे बघ ना!" सेलेस्टीन ओरडली.

"तोंडाकडे बघितलं तर दरीत जाऊ, आजी!"

मागून रुमालातून आवाज आला, "मावशी, आत्ता लाकडी पूल गेला ना? मग डावीकडे घ्या. उजवीकडचा रस्ता पावसात खचलाय."

सेलेस्टीन हळूहळू मागे वळली.

"तुला कसं गं माहीत?"

"दरवर्षी येते ना आईबरोबर."

"कुठे?"

"खोगीर खिंडीत. तिथेच चाललोय ना आपण?" नोरीनने रुमाल वर सरकवला. "आजीने आईला जाताना सांगितलं होतं, जागा कुणाला सांगू नकोस, सेलेस्टीनला तर मुळीच नको."

सेलेस्टीनचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "चोरटी! माझ्या जागेवर! इतकी वर्षं!"

"चोरटी काय, मावशी? तुमची गाडी डोंगरातून परत आली की मगच आई आम्हाला वर न्यायची. पहिली तोड सेलेस्टीनची, म्हणायची. तुमचे गुडघे गेले, तेव्हापासून आधी तुमची बादली भरते, मग आमची."

"कसली बादली?"

"ओसरीवरची. ती... पाणचट."

सेलेस्टीन पुढे बघत बसली. पाणचट म्हणताना आपण मुरंब्याची बरणी बोटाने पुसून खाल्ली होती, हे तिला आठवलं. चव तर तेव्हाच ओळखली होती. मनाशी कबूल करायची हिंमत झाली नव्हती, एवढंच. तिला फार लाज वाटली.

खिंडीत पोचल्यावर ती गाडीतून उतरली आणि जागीच उभी राहिली. वरच्या चढावरच्या झुडपांची फळं तोडून झालेली होती. पण रस्त्याच्या अगदी कडेला, जिथे चढ नाही, जिथे दुखऱ्या गुडघ्याच्या बाईलाही खुर्ची टाकून बसता येईल, तिथली झुडपं फळांनी वाकली होती. एकालाही हात लागला नव्हता.

"आई इथली फळं कुणाला तोडू देत नाही," नोरीन म्हणाली. "म्हणते, कदाचित येईल."

सेलेस्टीनने डोळे पुसले आणि डास गेला म्हणाली.

टॅमसिन एव्हाना झुडपांमागे गुडघ्यांवर बसली होती. तिथे एक लांब, उथळ चर होता. लहानपणी सेलेस्टीन त्यात पाय सोडून बसायची. टॅमसिनने थोडी माती खरवडून चाळली, तर कोळसा निघाला आणि त्यात जळलेल्या बारीक बिया. तिचा आवाज चढला. "आजी, इथे बेरी वाळवायचे! मधे लांब ओंडका पेटवायचा आणि दोन्ही बाजूंना चटया. किती पिढ्या, देव जाणे! या जागेला आता कुणी हात लावू शकत नाही."

सेलेस्टीनने चराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. "एका घराला एवढा चर कशाला लागेल?" ती म्हणाली. "आमच्या आया सख्ख्या बहिणी. इथेच समोरासमोर बसल्या असतील, आणि इथेच भांडल्या असतील."

शेवटच्या सभेत सेलेस्टीन उठली, नकाशापाशी गेली आणि वस्तीत आजवर कुणी केलं नव्हतं ते तिने केलं. सरळ बोट ठेवलं. "इथे. आधी मी खोटं बोलले होते."

सभागृहात खसखस पिकली. मग दरडवाले आजोबा घसा खाकरत उठले, पाठोपाठ कचराडेपोवाले. टॅमसिन हिरव्या टिकल्या काढते आहे आणि लावते आहे. कंपनीच्या माणसाने अडेलला विचारलं, "ही जागा तुम्हालाही ठाऊक होती का?"

अडेलने निर्विकार चेहऱ्याने सेलेस्टीनकडे बघितलं. "मला? छे! आज पहिल्यांदाच ऐकतेय."

लाइन ओढ्यापलीकडे दूर गेली. खिंड वाचली. आणि मग कंपनीने चांगुलपणाच्या भरात खिंडीत रस्त्यालगत भलामोठा पिवळा फलक रोवला: "पारंपरिक हकलबेरी क्षेत्र. संरक्षित." मैलभरावरून वाचता येईल असा.

पुढच्या ऑगस्टमध्ये दोघी बहिणी नोरीनच्या गाडीतून पहिल्यांदाच एकत्र वर आल्या. फलक बघून दोघी थबकल्या.

"अडेल," सेलेस्टीन म्हणाली, "मुळापासून हलव. मी हे टोक धरते."

"तुझे गुडघे?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय! पकड."

फलक उपटला, मातीसकट गाडीत घातला. नोरीनने चाक हाती घेतलं आणि विचारलं, "कुठे न्यायचा?"

मागच्या सीटवर दोन चंबू एकदमच वळले, उजाड कड्याकडे.