ईश्वराला स्मरून

कोर्टात सगळे तिला शपथवाली म्हणत. साक्षीदार पिंजऱ्यात चढला की त्याला शपथ द्यायची, हे तिचं काम. "ईश्वराला स्मरून खरं सांगेन, खोटं सांगणार नाही," हे वाक्य भाजी निवडतानाही तिच्या तोंडात घोळायचं. पुढे कोण खोटं बोलतं ते वकिलांनी बघावं, आपण शपथ दिली की मोकळ्या, असं तिचं सरळ गणित होतं.

ते गणित एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने बिघडवलं. जन्मभर धर्मशास्त्र शिकवलेला माणूस, शेजाऱ्यांच्या भिंतीच्या भांडणात साक्षीला आला आणि म्हणाला, देवाचं नाव नको, साध्या प्रतिज्ञेवर सांगतो. न्यायाधीशांनी चकित होऊन कारण विचारलं.

"खरं बोलायची जबाबदारी माझी," तो म्हणाला. "देवाला जामीन कशाला ठेवू?"

हे तिच्या डोक्यात शिरलं ते निघेना. ती साक्षीदारांचे चेहरे न्याहाळू लागली. कुणी देवाचं नाव घेता घेता जांभई देई, कुणी मोबाइल चाचपी. रोज एवढ्या लोकांकडून आपण हे नाव वदवून घेतो, त्याचं पुढे होतं काय? कामात लक्ष लागेना, घरी पाय ठरेना.

अशातच धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला समन्स आलं. तो एका इमारतीच्या लिफ्टची देखभाल करायचा. लिफ्ट कोसळून तिथल्या झाडूवालीचा पाय गेला होता. बहिणीकडे जेवताना तो सहज बोलून गेला की दोर झिजलेला त्याने पाहिला होता, मालकाच्या कानावरही घातलं होतं. पण कोर्टात तसं सांगितलं तर नोकरी जाईल.

"शपथ घेऊन खोटं बोलणार तुम्ही?"

"तोंडदेखली असते ती, ताई. तुम्हीच तर रोज देता."

बहीण मान खाली घालून भात कालवत राहिली.

तारखेला तो पिंजऱ्यात चढला. तिने नेहमीचं वाक्य वाचलं. "ईश्वराला" एवढंच म्हणून तो थांबला. त्याने पाणी मागितलं, प्यायला, आणि तिची नजर चुकवून म्हणाला, "देवाचं नाव नको. प्रतिज्ञेवर सांगतो." मग न अडखळता सांगून टाकलं, दोर ठणठणीत होता.

तिच्या अंगाची लाही झाली. देवाची भीती वाटली म्हणून त्याने देवालाच बाहेर बसवलं होतं. समोर बाकावर कुबडी धरून बसलेल्या बाईची मात्र त्याला भीती वाटली नव्हती. शपथवाली उठून उभी राहिली.

"साहेब, हे माझ्या बहिणीचे यजमान. घरी यांनी मला वेगळं सांगितलंय."

नातं आधी का सांगितलं नाही, म्हणून न्यायाधीशांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. मग तिचीच साक्ष नोंदवायची ठरली. टायपिस्टने विचारलं, कोणती शपथ देऊ?

"कोणतीही द्या," ती म्हणाली, "पण हळू वाचा."

झाडूवालीला न्याय मिळाला. मेहुण्याची नोकरी गेली. शपथवालीची बदली दप्तरखान्यात झाली. बरेच दिवस बहिणीच्या फोनची वाट बघून ती तिच्याकडे गेली. बहिणीने चहा दिला, समोर बसली.

"बोललीस त्याचा राग नाही," बहीण म्हणाली. "पण तो खोटं बोलणार हे तुला ठाऊक होतं ना? मग शपथ दिलीसच कशी?"

 शपथवालीने चहावर धरलेली साय बोटाने बाजूला केली आणि ते नेहमीचं वाक्य मनातल्या मनात हळू म्हणून पाहिलं.