मी 'सुधारलेलं' मिसेरेरे: पनवेल ते वसई

वसईला जायचं ठरलं ते शुक्रवारी दुपारी, आणि ते मी ठरवलं नाही. इनास सरांचा फोन आला.

आधी थोडं सांगतो. नवीन पनवेलमध्ये एका डीटीपीच्या दुकानात मी टायपिंग करतो. शिक्षण दहावीपर्यंत, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. इनास सर वसईतल्या एका चर्चचा गायकवृंद बसवतात. त्यांची बहीण आमच्या सेक्टरमध्ये राहते, तिच्यामार्फत काम आलं. गाणं लॅटिन, पण शब्द देवनागरीत हवे होते, कारण बरेच गायक मराठी शाळेत शिकलेले. रोमन लिपी दिसली की ते लॅटिनचं इंग्रजी करून टाकतात. चार आवाज, चार वेगळे कागद, सगळे सरांच्या हस्ताक्षरात.

त्यात 'मिसेरेरे', म्हणजे 'दया कर', हा शब्द एका कागदावर सात वेळा होता, दुसऱ्यावर सहा, तिसऱ्यावर पाच आणि चौथ्यावर तीनच. मला वाटलं, सर घाईत चुकले. गाणं एकच, मग शब्द सारखेच असणार. आरतीत कुणाला कमी ओळी आणि कुणाला जास्त, असं असतं का? मी चारही कागदांवर पाच-पाच वेळा करून टाकलं आणि वर चिठ्ठी लावली, 'किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.'

"बाळा," सर फोनवर म्हणाले, "काल सरावात अर्धे थांबले, अर्धे चालूच राहिले, आणि मी मधे हात वर करून उभा. तू म्हाताऱ्याला दुरुस्त केलंस?"

म्हातारा म्हणजे हे संगीत रचणारा, साडेचारशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडमधला माणूस. तीन महिने सगळ्यांनी नुसतं 'ला ला' करून सूर बसवले होते. शब्द आता घालायचे होते. मूळ कागद माझ्याकडे, दुसरी प्रत नाही. रविवारी सकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेनंतर, गायचं होतं. "शनिवारी दुपारपर्यंत कागद आले तर ठीक," सर म्हणाले, "नाहीतर हे गाणं वगळतो." ते रागावले नव्हते, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी चारही पानं पुन्हा टाईप केली, चार वेळा ताडून पाहिली. मेल करता आलं असतं, पण माझ्या नजरेवरचा माझाच विश्वास उडाला होता. सरांसमोर बसून एकेक शब्द तपासून घ्यायचा होता. ओवे गावातला माझा मित्र दिनेश, म्हणजे दिन्या, त्याला विचारलं.

"टेन्शन नाय घ्यायचा," तो म्हणाला. "सकाली सहाला निघू. मना पन वसई बघायची हाय."

ज्यांना बाईकने जायचं आहे त्यांच्यासाठी: कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, ठाणे, मग घोडबंदर रोड. अंतर साधारण सत्तर किलोमीटर. शिळफाटा सातच्या आत पार करा, नंतर ट्रकच्या मागे धूर खात बसावं लागतं. आम्ही बसलो. घोडबंदरच्या चढावर रस्ता खराब आहे, मागे बसणाऱ्याने पाठीवरची बॅग पुढे घ्यावी. मी मूळ आणि नवे कागद प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून शर्टाच्या आत ठेवले होते. ठाण्याला मिसळ खाल्ली, दोघांत शंभराच्या आत. खाडीवरचा पूल ओलांडला की हवा बदलते आणि वसईत शिरताना केळीच्या बागा दिसायला लागतात. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, येताना जरूर घ्या. किल्लाही पाहण्यासारखा आहे असं दिन्या सांगतो. मी गेलो नाही, मी सभागृहात बसलो होतो.

चर्चच्या मागे कौलारू सभागृह आहे. दारातच एक साठीच्या बाई उभ्या होत्या, कार्मेलबाय. वृंदातला सगळ्यात उंच सूर त्यांचा.

"हाच का तो?" त्या सरांना म्हणाल्या. "माझे दोन मिसेरेरे खाल्ले याने. अरे, माझी पापं जास्त आहेत, मला सातच्या सात हवेत!"

सगळे हसले. मी 'सॉरी' म्हणालो, तेही हळू.

सरांनी माझे कागद मूळ कागदांशी ताडले. एकही चूक निघाली नाही. मग मी धीर करून विचारलं, की सगळ्यांना सारखे शब्द का नाहीत?

"प्रत्येक जण आपल्या वेळेला येतो आणि आपली दया आपण मागतो," ते म्हणाले. "कुणाला सात वेळा मागावी लागते, कुणाला तीन. शेवटचा सूर मात्र सगळ्यांचा एकदम."

चहाच्या वेळी त्यांनी म्हाताऱ्याबद्दल सांगितलं. जन्म कधीचा, कुणाला माहीत नाही. आधी एका मठात ऑर्गन वाजवायचा, तो मठ राजाने बंद केला. मग राजाच्याच चर्चमध्ये गायला लागला. एकामागून एक चार राज्यकर्ते आले आणि प्रत्येकाचा धर्माचा हुकूम वेगळा. आज लॅटिन, उद्या फक्त इंग्रजी, एका अक्षराला एकच सूर, परवा पुन्हा लॅटिन. माणसं जिवाला मुकली. हा लिहीत राहिला. नाव मी इथे देत नाही, कारण त्याच्या हयातीतच ते निरनिराळ्या स्पेलिंगांनी लिहिलं जायचं म्हणे, आणि देवनागरीत नेमकं कसं लिहावं याची माझी खात्री झालेली नाही.

"आणि हा तिसरा कागद," सर म्हणाले, "हा त्याचा नाही. तेव्हा प्रत्येक आवाजाचं पुस्तक वेगळं असायचं. या आवाजाचं हरवलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी उरलेले तीन आवाज बघून हा भरला."

मी तो कागद उचलून पाहिला. "म्हणजे अंदाजाने? मी केलं तसंच?"

"नाही रे. त्याने आधी तिघांना ऐकलं. तू कुणालाच ऐकलं नव्हतंस."

त्या दुपारी गायकांनी अकरा वेळा शब्द घालून पाहिले आणि अकराही वेळा कुठेतरी अडकले. सर म्हणाले, गायचं की नाही ते उद्या सकाळी ठरवू. रात्री त्यांच्या घरी जेवलो, माशाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या, पण मला घास गोड लागला नाही.

रविवारी मिस्सा संपला. सरांनी वृंदाकडे पाहिलं, खिशातून चष्मा काढला आणि माझे कागद वाटले. मी शेवटच्या बाकावर बसून चारही आवाजांचे मिसेरेरे बोटांवर मोजायचं ठरवलं होतं.

कार्मेलबायनी सुरू केलं, एकट्या, अगदी बारीक. त्यांचा शब्द संपायच्या आत खालच्या आवाजाच्या बायका त्याच शब्दात शिरल्या. मग पुरुष. एकाचं 'रे' लांबत असताना दुसऱ्याचं 'मि' उगवत होतं. पहिला वर चढत असताना चौथा खाली उतरत होता, आणि तरी कुठेही टक्कर नव्हती. मी दुसऱ्या आवाजाच्या तिसऱ्या मिसेरेरेला मोजणं विसरलो. बोट तसंच वर राहिलं. तिसरा आवाज, तो नंतर भरलेला, शोधून पाहिला. सापडला नाही. तो बाकीच्यांत पूर्ण मुरला होता. मग सगळे एकाच सुरावर येऊन थांबले, आणि थांबल्यावरही तो सूर वर छतापाशी थोडा वेळ होता. हात जोडावेत की काय करावं, मला कळेना.

दिन्या कानाशी म्हणाला, "खाजनात भरती येते ना रं, चारी नाल्यांनी, तशी आली." खाजन म्हणजे खाडीकाठची खारजमीन.

बाहेर आल्यावर कार्मेलबायनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "सातही मिळाले," म्हणाल्या.

घरी परतून तीन आठवडे झाले. पेट्रोल, खाणं, सुकेळी धरून दोघांचा खर्च पाचशेच्या आसपास आला. जाणाऱ्याने तेवढे ठेवावेत. गाण्याचा एकही सूर मला आठवत नाही, प्रयत्न करूनही. परवा उरणच्या एक कोळीण मावशी हळदीची पत्रिका छापायला घेऊन आल्या. निमंत्रकांत एकच नाव दोन ओळींत दोनदा होतं. माझं बोट खोडायच्या बटणावर गेलं होतं.

"मावशी, हे नाव दोनदा आलंय. बरोबर आहे का?"

"दोनदाच हाय," त्या म्हणाल्या. "येक आजा, येक नातू. आजा गेला औंदा. पन बोलवनार दोघं पन."

मी दोन्ही नावं ठेवली.