बाईंच्या माहेरी एक दिवस

चौथीत शाळा सुटली, पुढं नवऱ्यानंही टाकलं. तेव्हा साताऱ्याच्या बाईंनी मला घरात घेतलं. तेव्हापासून त्या जातील तिथं मी. बाई विधवा, पोटी कोणी नाही, त्यात छातीचं दुखणं. एक दिवस म्हणाल्या, "इंदूरला जाऊ. भावानं ठेवून घेतलं तर तिथंच राहीन. मरायचं ते माहेरी."

मी त्यांची ट्रंक भरली. त्यांना ठेवून घ्यावं असं मनापासून वाटत होतं. आणि मग माझं काय, हेही वाटत होतं.

नवं मध्य प्रदेश राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. बाईंचे वडील जुन्या दरबारात अंमलदार होते. धाकटे भाऊ स्टेशनवर आले ते हसतच. इंदूरकडं येताजाता 'भिया' म्हणतात, आणि थोरल्या बहिणीला 'जीजी'. "अरे भिया, जीजी, केवढी दुबळी झालीस! हवा आली तर उडशील." मग माझ्याकडे बघून, "आणि या कोण?"

"ही माझं माणूस," बाई म्हणाल्या. ते ऐकून मला भरून आलं.

सामान घरी टाकून भावानं टांगा म्युझियमकडं वळवला. वडिलांची तलवार त्यांनी तिथं देऊन टाकली होती, ती बहिणीला दाखवायची होती. काचेमागं तलवार, खाली हिंदीत चिठ्ठी. चिठ्ठीत वडिलांचं नाव नव्हतं.

"घरात का नाही ठेवलीस रे?"

"जागा कुठं आहे जीजी? दोन्ही मुलांची लग्नं झाली, बच्चे झाले. इथं निदान रोज झाडू-पोछा तरी होतो."

बाई काचेला हात लावायला गेल्या. चौकीदार म्हणाला, "माँजी, जरा दूर से." त्यांनी हात पदराखाली घेतला. परतताना कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, राजघराण्याच्या समाध्या, दिसल्या, तरी नमस्काराला त्यांचा हात पदराबाहेर आला नाही.

दुपारी भावानं कपाटातून बाटल्या काढल्या. संस्थान होतं तोवर त्यांच्या घरी स्वतःची दारू गाळत. आता ते बंद, उरलेली ही एवढीच. बोटानं चार थेंब वाडवडिलांसाठी जमिनीवर शिंपडून त्यांनी चांदीच्या इवल्या पेल्यांत ओतली. आधी संत्र्याची, मग बडीशेपेची. लहानपणी थंडी-तापात बाईंना चमचाभर मिळायची म्हणे. आताही डोळे मिटून, घोट घेऊन त्यांनी दोन्ही ओळखल्या.

"बिल्कुल सही! जीजीची जीभ अजून जवान आहे."

"पुरे करा हो," वहिनी म्हणाल्या, "वन्सं नाचायला लागतील."

"नाचेन की! तू ढोलकी घे."

सगळे हसले. मलाही एक घोट मिळाला, घसा जळत गेला. शेवटी केशराची बाटली आली. ती एकच राहिली होती, तिचं बूच भावानं बाईंसाठी उघडलं. बाई माझ्या कानाशी आल्या. "बघितलंस? ठेवून घेणार."

जेवायला दाल-बाफले होते, म्हणजे वरण आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे, शिवाय मटण होतं. वहिनी बाफल्यावर तूप ओततच होत्या. बाई कधी नव्हे त्या पोटभर जेवल्या. "उद्यापासून मला हलकंच कर हं वहिनी," हळूच म्हणाल्या. वहिनी वाढायला पुढच्या पानाकडं सरकल्या.

पानसुपारी झाली आणि वहिनी आतून वाटी घेऊन आल्या. दही-साखर. आपल्यात निघणाऱ्या माणसाच्या हातावर दही ठेवतात, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. निघायचं तर कुणी काढलंच नव्हतं. भाऊ खिडकीशी पाठ करून उभे राहिले. वहिनींचे डोळे भरले होते. वाईट माणसं नव्हती ती.

"वन्सं, हात करा."

बाईंनी हात पुढं केला. माहेरचं दही, नाही कसं म्हणायचं? चाटून घेतलं. "गोड आहे," म्हणाल्या.

मग वहिनींनी माझ्याही हातावर दही ठेवलं. बाई परत येणार, म्हणजे माझा आसरा टिकला होता, जीव हलका व्हायला हवा होता. दही मनगटाकडं ओघळायला लागलं, आणि हात तोंडाशी नेववेना.

बाईच म्हणाल्या, "खा गं. सांडू नको."